घाऊक क्षमा

आमच्या घरमालकांना खोकला नव्हता, पण ते खोकत असत. हा खोकला त्यांचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडल्यानंतर येई, आधी कधीच नाही. दार वाजवण्याचे कष्ट त्यामुळे वाचत आणि परवानगी घेतल्याचे समाधानही पदरात पडे. माझी पत्नी भाकरी थापत असे, मी उत्तरपत्रिका तपासत असे, आणि हे गृहस्थ पांढरी टोपी नीट करत थेट शेगडीपाशी उभे राहिलेले असत. "सहज आलतो," असे म्हणून ते कढईवरचे झाकण उचलत. आत कांदा आहे की काय, एवढेच त्यांना पाहायचे असे. आम्हीही त्यांच्यासारखेच जैन. माझ्या घरी कांदा शिजतो ही गोष्ट मी त्यांच्यापासून लपवलेली नव्हती. "शिजू दे की. मी कुठं नको म्हणालोय?" असे ते म्हणत आणि झाकण बाजूला तसेच ठेवून निघून जात. त्या दिवशीची भाजी आम्ही दोघे खाली मान घालून खात असू. भाडे नियमाने भरूनही आपण काहीतरी चोरून खात आहोत, असे माणसाला त्याच्याच घरात वाटायला लावणे ही त्यांची विद्या होती.

मी मवाळ माणूस आहे. शाळेत मुले मला घाबरत नाहीत आणि घरी मी आवाज चढवत नाही. दिवसभरात आपण कोणाला काय बोललो, हे रोज संध्याकाळी आठवून पाहण्याची सवय मला वडिलांनी लावली. ती पन्नाशी उलटली तरी सुटलेली नाही. तिरस्कार आपल्या स्वभावात नाही, असे मी बरीच वर्षे समजत होतो. तो होता. या गृहस्थांनी तो शोधून काढला. त्यांच्याविषयी लिहिताना माझी लेखणी सौम्य राहणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

निपाणीत त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या आजोबांची तंबाखूची वखार होती. धंदा आटला तेव्हा अण्णांनी तिच्यात आडव्या-उभ्या भिंती घालून खोल्या पाडल्या आणि त्या भाड्याने दिल्या. भिंतींना कितीही वेळा चुना लागला तरी तंबाखूचा वास गेला नाही. नवा भाडेकरू पहिले काही दिवस नुसता शिंकत असे. कोणी तक्रार केली की अण्णा म्हणत, "ह्या वासासाठी लोक पैसं मोजत्यात. तुला फुकट मिळालाय." स्वतः मात्र ते तंबाखू खात नसत, ओढत नसत, तपकीरसुद्धा लावत नसत. "आमच्यात पाप मानत्यात," असे ते अभिमानाने सांगत. तीच तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या विकण्याबद्दल आमच्यात काय मानतात, हे मी त्यांना विचारले नाही. धर्म माझाही तोच होता आणि उत्तर मला ठाऊक होते.

अहिंसेचा उपयोग घराची दुरुस्ती टाळण्यासाठी करणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाळवीने पोखरली तेव्हा मी ती त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून ती फार वेळ, फार मायेने न्याहाळली.

"जीव हाईत रं ह्यात," ते म्हणाले. "औषध मारून कुणाचं भलं झालंय?"

"अण्णा, दार पडंल."

"पडलं तर पडलं. दाराला जीव न्हाय." मग जरा थांबून, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि तसं बघितलं तर वाळवीबी भाडेकरूच की. तुझ्यापरीस जुनी."

मी हसलो. त्या हसण्याची शिक्षा म्हणून ते दार पुढे मी माझ्या खर्चाने बदलले. सुताराने जुनी चौकट काढली तेव्हा अण्णा हजर होते. पोखरलेले लाकूड त्यांनी जाळू दिले नाही. ते उचलून त्यांनी मागच्या परसात, तिथल्या खोलीत राहणाऱ्या आक्कांच्या खिडकीखाली सावलीला ठेवले. वाळवीची सोय झाली. पुढच्या पावसाळ्यात आक्कांची खिडकी पोखरली गेली.

पावती हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. भाडे रोख द्यायचे, हातावर द्यायचे आणि हात झटकून परत यायचे, अशी तिथली शिस्त होती. मी नवा असताना एकदा पावती मागितली होती. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच दुःख दिसले. "आपल्यात कागद कशाला रं? कागद परक्यात असतोय. तुम्ही घरचंच की." हा 'घरचे' शब्द मी पुढे इतक्या वेळा ऐकला की त्याचा नियम मला पाठ झाला. भाडे द्यायच्या दिवशी आम्ही भाडेकरू असू आणि उरलेला महिना घरचे. भाडेकरूने वेळेवर पैसे द्यायचे. घरच्याने पावती मागायची नाही, करारपत्राचा विषय काढायचा नाही आणि छपराकडे बोट दाखवायचे नाही. कपटी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती कपट करताना निदान आवाज बदलतात. अण्णांचा आवाज तसाच राही, प्रेमळ आणि किंचित ओला.

त्यांची खरी कीर्ती मात्र क्षमेसाठी होती.

भाद्रपदात आमचे पर्युषण संपले की क्षमावणी येते. वर्षभरात ज्यांना आपण दुखावले त्यांच्या दारी जायचे, हात जोडायचे, क्षमा मागायची. समोरच्यानेही हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणायचे, अशी रीत आहे. माझ्या लहानपणी सदलग्याला, आमच्या गावी, माझे वडील त्या दिवशी सकाळपासून गप्प असत. भावकीतल्या एका माणसाशी बांधावरून त्यांचे बोलणे तुटले होते. त्याच्या दारापर्यंत ते जात, परत येत, घोटभर पाणी पीत आणि पुन्हा जात. क्षमा मागणे किती जड असते, हे मी वडिलांच्या त्या पाठमोऱ्या चालण्यावरून शिकलो.

अण्णांना ती कधीच जड गेली नाही. पांढरे धोतर, खांद्यावर उपरणे, मागे बस्तीतली चार मंडळी (आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात) आणि अलीकडे पुढे मोबाइल धरून उलट्या पावली चालणारा त्यांचा मुलगा, अशी ती स्वारी खोलीखोलीपुढे थांबे. "वर्सभरात जाणता-अजाणता, मनानं, वाचेनं, कायेनं काय चुकलं असंल तर उत्तम क्षमा." हात जोडले, पुढची खोली. पुन्हा तेच शब्द, तोच स्वर, डोळ्यांच्या कडेला तेवढेच पाणी. आजोबांनी तंबाखू जशी घाऊक विकली, तशी नातवाने क्षमा घाऊक मागितली. मुलगा ते चित्रण संध्याकाळी स्टेटसला लावी, खाली भक्तिसंगीत जोडून.

एका वर्षी पावसाळाभर माझ्या छपरातून पाणी गळत होते. क्षमावणी होऊन गेल्यावर मी धीर करून विषय काढला.

"ते मिटलं की रं," अण्णा म्हणाले.

"कसं मिटलं?"

"क्षमा मागितली न्हाय का मी? जाणता-अजाणता म्हणालो, त्यात तेबी आलं. तू हात जोडलास. मिटलं."

"अण्णा, पाणी अजून गळतंय."

"मग पुढच्या वर्सी परत मागतो," ते म्हणाले, आणि मला खात्री आहे की ते थट्टा करत नव्हते.

आता आक्कांविषयी सांगायला हवे. वखारीच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी रिकामी पोती ठेवत, त्या खोलीत आक्का राहत. त्यांचे यजमान अण्णांच्या वडिलांच्या वेळी वखारीत हमाल होते. लग्न होऊन आक्का आल्या त्या याच खोलीत, यजमान गेले ते याच खोलीतून. पुढे विड्या वळून त्यांनी इथेच मुलगी वाढवली आणि संकेश्वरला दिली. भाडे त्यांनी कधी चुकवले नाही आणि पावती त्यांना कधी मिळाली नाही. बोलायला फटकळ. अण्णांच्या खोकल्याला घाबरून न जाणारी त्या वखारीतली ती एकच बाई. "आत आल्यावर कशाला खोकालाय अण्णा? जाताना खोका, म्हंजे गेलेलं कळंल," असे त्यांनी एकदा माझ्यासमोर सुनावले होते.

हमरस्त्याच्या बाजूच्या जागांना भाव आला तशी अण्णांच्या मुलाच्या डोक्यात दुकानांची इमारत उभी राहू लागली. खोल्या रिकाम्या करायचे ठरले. इतकी वर्षे घरची असलेली माणसे एकेक करून, अण्णांनी हातात ठेवलेला पेढ्यांचा पुडा घेऊन, बाहेर पडली. माझे घर बांधून होत आले होते, त्यामुळे मला थोडी सवलत मिळाली. आक्कांना मात्र जायला जागा नव्हती. जावयाच्या दारात त्यांना राहायचे नव्हते आणि त्या वयात, त्या भाड्यात, निपाणीत दुसरी खोली कोणी देणार नव्हते. ही खोली गेली की त्या रस्त्यावर येणार, हे अण्णांसह आम्हा सर्वांना स्पष्ट दिसत होते.

आधी अण्णा मायेने बोलले. "एकटी किती दिस राहशील आक्का? लेकीकडं जा की."

"तुम्ही जावा की तुमच्या लेकीकडं," आक्का म्हणाल्या. "तुमचीबी हाय की एक, सांगलीला."

माया संपली. एके दिवशी सकाळी आक्कांच्या नळाचा पाइप कापलेला आढळला आणि परसातल्या संडासाला कुलूप दिसले. आक्का आमच्या नळावर पाणी भरू लागल्या. त्या घागर घेऊन जात-येत असताना अण्णा अंगणात वाकून मुंग्यांच्या वारुळावर साखर सोडत होते, रोजच्यासारखे. पिण्याचे पाणी ते दुपदरी फडक्यातून गाळून घेत, पाण्यातल्या जीवांना इजा होऊ नये म्हणून. पाण्यावाचून राहिलेला जीव त्या फडक्यात सापडण्याइतका लहान नव्हता, एवढाच त्याचा दोष.

माझी एक जुनी विद्यार्थिनी चिकोडीला वकिली करते. आक्कांना घेऊन मी तिच्याकडे गेलो.

"पावत्या?" तिने विचारले.

"न्हाईत," आक्का म्हणाल्या.

"करारपत्र?"

"न्हाय."

"लाइट बिल कुणाच्या नावावर?"

"अण्णाच्या."

"आक्का, भाडेकरूचं पाणी मालकाला तोडता येत नाही. संडासाला कुलूप तर नाहीच नाही. आपण उद्या कोर्टाकडून मनाईहुकूम मागू शकतो. पण आधी तुम्ही भाडेकरू आहात हे दिसायला पाहिजे. ते कशावरनं दाखवायचं?"

"मी हितं राहतो, ह्यावरनं." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना असे बोलतात.

"पाहुणेपण राहतात, आक्का."

तिने आम्हाला काही गोष्टी सांगितल्या. तोडलेल्या पाइपाचे, कुलपाचे फोटो काढा, शेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र धरा. यापुढे भाडे हातात देऊ नका, बँकेतून पाठवा आणि त्यावर भाडे असा शब्द लिहा. मालक काय बोलतात, कुणासमोर बोलतात, ध्यानात ठेवा. आणि ती नोटीस पाठवणार होती.

फोटो काढायला मी परसात गेलो, तेव्हा खोकल्याचा आवाज आला. मी चोरी करताना सापडल्यासारखा दचकलो. अण्णांनी वर्तमानपत्राकडे पाहिले, पाइपाकडे पाहिले, मोबाइलकडे पाहिले. मग टोपी नीट केली आणि कापलेल्या पाइपाशेजारी येऊन ताठ उभे राहिले.

"मलाबी घे की," ते म्हणाले. "नुसता पाइप काय बघायचा कुणी?"

मी घेतला. तो फोटो चांगला आला आहे.

बँकेतून पाठवलेले भाडे त्यांच्या मुलाने त्याच दिवशी परत फिरवले. आमचा भाग कर्नाटकात, त्यामुळे नोटिशीचे उत्तर कन्नडमध्ये आले. वकीलबाईंनी ते वाचून दाखवले: सदर बाई या भाडेकरू नसून आमच्या घरच्याच आहेत; त्यांचे पती वारल्यावर आम्ही केवळ मायेपोटी, वखारीची राखण करण्यासाठी, त्यांना विनामोबदला आसरा दिला आहे; सबब खोलीवर त्यांचा कोणताही हक्क नाही. इतकी वर्षे जो शब्द पावती चुकवण्यासाठी प्रेमाने वापरला, त्याच्यावर आता शिक्का बसला होता. मला संताप आला. एसटीत बसल्यावर आक्का खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "घरची म्हणालते ते ह्यासाठी व्हय."

पर्युषण सुरू झाले. क्षमावणीच्या आदल्या दिवशी आमच्या नळावर घागर लावून आक्कांनी मला विचारले, "सर, तुमच्यात क्षमा मागताना काय चुकलं ते सांगावं लागतंय का? का नुसतं हात जोडलं तरी चालतंय?"

मी शिक्षक, कोणी धर्मातले विचारले की मला बोलावेसे वाटते. मी त्यांना आलोचना म्हणजे काय ते सांगितले. आपला दोष नावानिशी उच्चारल्याशिवाय मागितलेली क्षमा अपुरी असते, असे मी म्हणालो. वडिलांचेही उदाहरण दिले. आक्का घागर भरेपर्यंत शांतपणे ऐकत होत्या. आपला श्रोता किती एकचित्त आहे, याचे मला समाधान वाटले. तो का एकचित्त आहे, याची शंका मला आली नाही.

दुसऱ्या दिवशी स्वारी निघाली. खोल्या बहुतेक रिकाम्या असल्याने ती लवकरच परसात आली. अण्णा, बस्तीतली मंडळी, त्यांत काठी टेकत चालणारे एक वृद्ध आप्पा, ज्यांचा शब्द बस्तीत कोणी खाली पडू देत नसे, आणि पुढे मोबाइल धरून मुलगा. आक्का रिकामी कळशी कमरेवर घेऊन दारात उभ्या होत्या.

"आक्का, वर्सभरात जाणता-अजाणता, मनानं, वाचेनं, कायेनं..."

"कशाची?" आक्का म्हणाल्या.

अण्णा थांबले. त्या वाक्याच्या मध्ये त्यांना आजवर कोणी थांबवले नव्हते. "म्हंजे?"

"कशाची क्षमा मागालाय, ते सांगा की. न बघता कशी देऊ मी? तुम्ही तरी तंबाखूचं पोतं उघडून, हात घालून बघितल्याबिगर कधी घेतलंय का?"

मागे कोणीतरी हसले. अण्णा आप्पांकडे वळले, ही बाई रीत मोडते आहे अशा चेहऱ्याने. आप्पांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "दोष सांगून मागायची असती. समदं ईसरूनच गेलंय माणूस."

दुसरा कोणी असता तर घरी निघून गेला असता. अण्णांना ते जमणारे नव्हते. बस्तीची माणसे बघत होती, मोबाइल चालू होता, आणि क्षमा मागण्यात आपल्यापेक्षा सरस कोणी आहे असे त्यांना कुणाला वाटू द्यायचे नव्हते. त्यांनी उपरणे सावरले, आवाज ओला केला.

"तुझा नळ मी तोडला, आक्का. क्षमा."

"आणि?" आक्का म्हणाल्या.

"संडासाला कुलूप घातलं. क्षमा."

"आणि?"

अण्णांच्या वडिलांच्या काळी तंबाखूचे सौदे रुमालाखाली होत. रुमालाआड एकमेकांची बोटे दाबून भाव ठरे, बाहेरच्याला कळत नसे. अण्णा त्या वळणात वाढलेले. उघड्यावर, मोठ्याने, एकेक बाब उच्चारून सौदा करण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ असावी. पण ते रंगले. डोळ्यांत पाणी आले, आणि या वेळी ते पाणी खरे होते की काय अशी मला शंका आली.

"इतकी वर्सं तुझ्याकडनं भाडं घेतलं, एकदाबी पावती दिली न्हाय. क्षमा. भाडेकरू असून तुला राखणीला ठेवलेली म्हणून लिहून दिलं. त्याचीबी क्षमा."

मुलाच्या हातातला मोबाइल जरा खाली आला आणि पुन्हा वर गेला. बापाला नीट चौकटीत घेण्याच्या नादात, बाप काय बोलला ते त्याच्या ध्यानात आले नसावे.

आक्कांनी कळशी खाली ठेवली आणि हात जोडले. "दिली क्षमा. नळ कधी जोडालाय?"

"क्षमा दिलीस की आता," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "मिटलं."

आणि स्वारी पुढे गेली.

संध्याकाळी मुलाने रीतीप्रमाणे ते चित्रण स्टेटसला लावले. खाली भक्तिसंगीत होते, पण अण्णांचा आवाज त्यावर स्पष्ट ऐकू येत होता. नातेवाइकांना, व्यापाऱ्यांना, जुन्या भाडेकरूंना, सगळ्यांना ते दिसले; मलाही. अनेकांनी जोडलेल्या हातांची चित्रे पाठवली. मी काही पाठवले नाही. मी ते उतरवून घेतले आणि चिकोडीला वकीलबाईंकडे पाठवले. थोड्या वेळाने तिचा फोन आला. ती आधी हसत होती, मग एकदम थांबून म्हणाली, "सर, हे त्यांनी आपणहून केलं?" मी म्हणालो, आमच्यात करतात.

वकीलबाईंनी ते चित्रण जोडून मनाईचा अर्ज केला. कोर्टात अण्णांच्या वकिलांनी सांगितले की हा केवळ धार्मिक उपचार आहे, त्यातले शब्द शब्दशः घ्यायचे नसतात. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि मान खाली गेली ती वर येईना. माझे वडील ज्या दारापर्यंत जाऊन परत येत, ते दार मला आठवत होते. न्यायाधीशांनी अण्णांना पुढे बोलावले आणि कन्नडमध्ये एवढेच विचारले, "इदु सुळ्ळा?" हे तुम्ही बोललात ते खोटे आहे का?

खोटे म्हटले तर बस्तीच्या मंडळींसमोर, क्षमावणीच्या दिवशी खोटे बोलल्याचे कबूल करायचे. खरे म्हटले तर आक्का भाडेकरू. अण्णांनी वकिलांकडे पाहिले, मुलाकडे पाहिले. मग ते कन्नडमध्ये, हळू आवाजात म्हणाले, "खोटं कसं म्हणू, साहेब? समदी बघत होती."

पुढे बस्तीत कोणीकोणी म्हणू लागले की अण्णा शेवटी सत्याला जागले. हे वाक्य मी माझ्या सवयीप्रमाणे अनेक संध्याकाळी तपासून पाहिले आहे. मला ते मान्य करता आलेले नाही. त्या माणसाला सत्याचे भय नव्हते, बघणाऱ्यांचे होते. कोणी बघत नसते तर त्यांनी आक्कांना पाहुणी, राखणदार, वाटसरू, काहीही ठरवले असते. असे कठोर लिहिताना माझे मन मला टोचते. तरी मी ते खोडत नाही. आक्कांच्या नळाला पाणी आले ते अण्णांच्या पश्चात्तापाने आले, असे कोणी समजू नये म्हणून.

नळ कोर्टाच्या हुकमाने जोडला गेला. कुलूप निघाले. रीतसर निकाल झाल्याशिवाय आक्कांना खोलीतून काढायचे नाही, अशी ताकीद मिळाली. भाडे आता बँकेत जमा होते आणि परत येत नाही. दुकानांची इमारत कागदावर राहिली.

पुढच्या क्षमावणीपर्यंत आम्ही आमच्या घरी राहायला गेलो होतो. त्या दिवशी मी आक्कांना भेटायला म्हणून गेलो, पण खरे सांगायचे तर मला पाहायचे होते. स्वारी आली. मंडळी तीच, आप्पाही होते. मोबाइल नव्हता. मुलाच्या हातात टंकलेला एक कागद होता.

अण्णा आक्कांच्या दाराशी आले आणि थांबले. उंबऱ्याच्या बाहेर. तिथे उभे राहून ते खोकले.

आक्का पदराला हात पुसत दारात आल्या. "या आत" असे त्या म्हणाल्या नाहीत. अण्णांनी मुलाकडून कागद घेतला, चष्मा लावला आणि वाचू लागले. वाचताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच कोरडा वाटला.

"कोणतीही चूक अथवा जबाबदारी मान्य न करता, आणि खोलीसंबंधीचे आपले सर्व हक्क राखून, वर्षभरात जाणता-अजाणता काही घडले असल्यास, उत्तम क्षमा."

आप्पांनी तोंड दुसरीकडे वळवले. वकिलाने घडवलेल्या त्या वाक्याला काय उत्तर देतात हे आमच्या कोणत्याही ग्रंथात नाही. मी आक्कांकडे पाहिले. त्यांनी नीट हात जोडले.

"दिली क्षमा, अण्णा," त्या म्हणाल्या. "मीबी माझं समदं हक्क राखून दिली."

मग त्या आत गेल्या. आत नळ सोडल्याचा आवाज आला, थोडा वेळ चालू राहिला, बंद झाला. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "गाळलेलं हाय."

सगळी मंडळी बघत होती. अण्णांनी कागद मुलाकडे दिला, तांब्या हातात घेतला, आणि उंबऱ्याच्या बाहेर उभे राहूनच पाणी प्यायले.